हात पुसून घे

"खिसे उलटे कर," डल्सी आत्या म्हणाली.

क्लेमने केले. चाकू, काडेपेटी, फोन आणि एक चुरगळलेला रुमाल वाळूवर पडला. आत्याने काठीच्या टोकाने रुमाल उलगडून पाहिला. मग त्याची बॅग उघडायला लावली आणि मोज्यांची एकेक जोडी दाबून पाहिली. सख्ख्या भावाचा मुलगा, पन्नाशीला टेकलेला, आणि बोटीतून उतरल्या उतरल्या ती सगळ्यांसमोर त्याची झडती घेत होती. बाकीचे लोक पिठाची पोती आणि मिठाच्या गोण्या उतरवताना मुद्दाम समुद्राकडे बघत होते.

"आता बूट."

"आत्या, पाय गोठतायत गं."

"मग लवकर काढ."

त्याने बूट काढून झटकले. वाळूशिवाय काही पडलं नाही. आत्या सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दारू, गोळ्या, पावडर, ज्याच्याकडे जे असेल त्यानं ते इथंच समुद्रात टाकावं. वर शेडमध्ये सापडलं तर पुढच्या बोटीनं परत. मग तो माझा भाचा असो की आणखी कुणी."

पक्षी पकडायला बेटावर आलो की दर हंगामाला ती हे म्हणते. तिच्या दिराने एकदा पिऊन पक्ष्याच्या बिळात हात घातला होता. आत साप होता, आणि त्याला तो कळलाच नाही. त्याची कबर शेडच्या मागच्या उतारावर आहे. "नशेतला हात आंधळा असतो," एवढंच आत्या त्यावर बोलते.

माझी, त्याच्या बायकोची, झडती तिने घेतली नाही. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू फार सोसलंस गं, व्हर्ना." मी मान खाली घातली. स्वेटरच्या आतून, छातीच्या डाव्या बाजूला, सेफ्टी पिनेने टाचलेली गोळ्यांची अख्खी पट्टी मला टोचत होती.

कुणाला वाटेल, काय ही बाई! वाटू दे. क्लेमबरोबर ती वर्षं मी काढली आहेत, वाटणाऱ्यांनी नाही.

क्लेम लॉन्सेस्टन शहरात एका शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा. एक दिवस माशांच्या खोक्यांची चळत अंगावर आली आणि त्याची पाठ गेली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. त्या सुटल्याच नाहीत. आधी चिठ्ठीवर मिळायच्या, मग चिठ्ठीशिवाय, मग ज्यांची नावं घ्यायची नाहीत अशा माणसांकडून. नोकरी गेली, मित्र गेले, मुलीने फोन करणं सोडलं. क्लेम झोपायच्या खोलीत पडद्याआड फोन घेऊन पडून असायचा. कुठल्यातरी देशातली माणसं कुठल्यातरी गाड्या धुताना बघायचा, तासन् तास. मी स्वयंपाकघरातून त्याला मेसेज करायची, "जेवण तयार आहे." तो तिकडून अंगठा पाठवायचा. मधे एक भिंत होती फक्त. संसार म्हणतात तो आमचा असा चालला होता.

एका हिवाळ्यात त्याने स्वतःच गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी तो न्हाणीघराच्या फरशीवर थरथरत पडला होता, ओकून ओकून पोटात काही उरलं नव्हतं, डोळे पांढरे. मला वाटलं, संपलं. मी तशीच सपाता घालून पळत गेले आणि ज्यांची नावं घ्यायची नाहीत त्यांच्यापैकी एकाच्या दारात उभी राहून गोळी मागितली. माझ्या हाताने त्याच्या जिभेखाली ठेवली. पुढे उन्हाळ्यात तो दवाखान्यात राहिला, त्यांनी हळूहळू सोडवल्या. घरी आला तो हडकलेला, शुद्धीवर आणि मुका. पण तो न्हाणीघरातला दिवस माझ्या अंगातून गेला नाही. वीज गेली तर असावी म्हणून लोक घरात मेणबत्ती ठेवतात, तशी मी ती पट्टी ठेवली होती.

उन्हाळा संपता संपता, मार्चअखेर, आत्याने फोन केला होता. "त्याला हंगामाला घेऊन ये. बापजाद्यांची बिळं आहेत, त्यांच्यात हात घालू दे. नाहीतर मरेल तिथं फोन बघत."

आणि खरं सांगायचं तर एके काळी अख्ख्या बेटावर क्लेमसारखा हात कुणाचा नव्हता. आम्ही मांसासाठी पकडतो ती मटनबर्ड या समुद्रपक्ष्याची पिलं जमिनीखाली असतात, लांब बिळात. गवतात पालथं पडायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि चाचपायचं. ऊब लागली तर पिलू. गार लागलं तर हात तसाच हळू बाहेर, कारण काळे, विषारी टायगर साप त्याच बिळांमध्ये राहायला येतात. डोळ्यांना तिथे काही काम नसतं, जे काय ते बोटांना कळतं. पिलाला धरलं की ते भीतीने हातावर तेल ओकतं, आणि तेलाने माखलेल्या हाताला गार-गरम नीट कळत नाही. म्हणून प्रत्येक बिळानंतर गवताला हात पुसायचा, कोरडा होईपर्यंत. सकाळी शेडमधून निघणाऱ्याला आमच्यात कुणी "सांभाळून जा" म्हणत नाही. "हात पुसून घे," म्हणतात.

पहिले काही दिवस आत्याने क्लेमला बिळांकडे फिरकूही दिलं नाही. तो पाणी भरायचा, पिसं सुटावीत म्हणून पिलं गरम पाण्यात बुडवायच्या कढईखाली लाकडं सारायचा. रात्री झोप नाही, अंगाला घाम, पाठ धरलेली. जेवताना त्याच्या हातातला चमचा ताटलीवर वाजायचा आणि सगळे मोठ्याने बोलायला लागायचे. बेटावर रेंज नाही हे पक्कं ठाऊक असून तो दिवसातून कितीदा तरी खिशातला फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. जनरेटर लावला की इमानदारीने चार्जही करायचा.

मी शेडमध्ये पिसं काढायला बसायची. समोर डल्सी आत्या.

"छातीत दुखतंय का गं?" एकदा तिने विचारलं.

"नाही. का?"

"हात सारखा तिथंच जातो तुझा."

"पिन टोचते, आत्या."

"मग काढून टाक ना पिन," ती म्हणाली आणि पुढचं पिलू हातात घेतलं.

मी रोज ठरवायची, आज क्लेम मागेल. त्याचा चेहरा बघून मला कळायचं की आता तुटायला आला आहे. मी तयारच असायची. तो मागत नव्हता. आणि हे सांगायला जड जातं, पण तो मागत नाही याचा मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्तीच वाटायची. त्याला काय हवं, काय नको, हे त्या गोळ्यांवरूनच मला कळत आलं होतं. त्या नसत्या तर ह्या माणसाशी बोलायचं काय, हेही मी विसरले होते.

एका दुपारी आत्याने त्याला शेडबाहेर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. एक गोटा उन्हातला, एक सावलीतला. दोन्ही ओले करून तिने त्याच्या हातात दिले.

"सावलीतला कुठला?"

"डावा."

तिने मागे हात नेऊन अदलाबदल केली. असं बऱ्याचदा केलं. एकदा तर दोन्ही सावलीतलेच दिले.

"फसवतेस होय गं म्हातारे," क्लेम डोळे न उघडता म्हणाला.

आत्याने गोटे फेकून दिले. "उद्यापासून ट्रेवबरोबर जा."

ट्रेव क्लेमचा चुलतभाऊ, तोंडाळ पण सोन्यासारखा. हंगामात आम्ही जोडीजोडीने जातो. एकाला काही झालं तर दुसऱ्याने धावायचं. आठवडाभर दोघं गेले, पिलं ओवलेल्या काठ्या भरून आले. मग ट्रेवचा गुडघा सुजला आणि आत्या मला म्हणाली, "आज तू जा नवऱ्याबरोबर. पिसं काढून काढून तूही कोंबडीसारखी दिसायला लागलीस."

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. पश्चिमेच्या उतारावर वारा नव्हता. क्लेम पुढे, मी मागे. तो पालथा पडायचा, हात आत, क्षणभर स्तब्ध, मग खांदा हलायचा आणि पिलू बाहेर यायचं. एका झटक्यात मान मोडायची, चोचीतून काठीवर ओवायचं. मग गवताला हात पुसायचा, पुढे आणि मागे, बोटांच्या बेचक्यांत. मी माझी बिळं करत होते, पण लक्ष त्याच्याकडेच. पाठ दुखली की तो दात आवळून ओठांतून श्वास सोडायचा. त्या आवाजासरशी माझा हात पट्टीकडे जायचा.

दुपार कलली तशी मला घाई वाटायला लागली. दिवसभर पिलांचे आईबाप समुद्रात असतात. अंधार पडायला लागला की ते हजारोंनी परत येतात आणि आकाशातून दगड पडावेत तसे धपाधप उतरून आपापल्या बिळात धावत शिरतात. त्या वेळी कुणी पालथं पडलेलं असू नये.

"चल, पुरे आता," मी म्हणाले.

"ही काठी भरू दे. दोनतीन राहिलीत." मग तो अचानक हसला. "हे बीळ ओळखलंस? दोन तोंडांचं. इथंच बाबांनी एकदा हात घातला आणि बोंब मारली, साप, साप! साप कसला, ट्रेव पलीकडच्या तोंडातून त्यांचा हात धरून बसला होता."

"ट्रेव?"

"एवढासा होता तेव्हा. बाबांनी असा झोडला त्याला, आठवडाभर उभ्यानं जेवत होता!"

मी हसले. इतकी हसले की खाली बसले. तोही माझ्याकडे बघून हसत होता, आणि हसता हसता त्या बिळातून काढलेलं पिलू काठीवर ओवून शेजारच्या बिळाशी आडवा झाला. माझ्याकडे बघतच त्याने हात आत घातला. किती वर्षांनी हा माणूस माझ्याकडे बघून हसत होता! मी तेच बघत राहिले. त्याने हात पुसला नाही हे मला दिसलं, पण कळलं नाही.

मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"व्हर्ना."

"काय?"

"हलू नकोस. हळू बोल."

त्याचा गाल गवताला टेकलेला, हात खांद्यापर्यंत आत.

"कुठं आहे?"

"मनगटावर. अर्धा खाली, अर्धा वर. आधी कळलंच नाही, तेल होतं हाताला." तो ओठही फार न हलवता बोलत होता. "पुसायला विसरलो."

अशा वेळी काय करायचं ते आम्हाला बोलायच्या आधीपासून शिकवलेलं असतं. काहीच करायचं नाही. पडून राहायचं. साप आपणहून निघून जातो, लगेच नाहीतर उशिरा. हात ओढला की चावतो. चावला तर शेडमधून रेडिओवर बोट बोलवायची, बोट येणार, मग मोठ्या बेटावरचा दवाखाना. आत्याचा दीर बोटीपर्यंतही पोचला नव्हता.

पडून राहायचं, म्हणायला सोपं. क्लेम वाकडा पडला होता, नेमका दुखऱ्या बाजूवर. त्याच्या मानेची शीर ताठली होती. आणि मग मला ती थरथर दिसली. खांद्यापासून सुरू झाली, बारीक, चमचा ताटलीवर वाजायचा तशी. ती हातात उतरली असती तर सगळं संपलं असतं.

मी रांगत त्याच्याजवळ गेले. हात स्वेटरात घातला, पिन चाचपडली. एक गोळी जिभेखाली, थोड्या वेळात पाठ सैल होईल, थरथर थांबेल. त्यासाठीच तर आणली होती. हाच तो दिवस.

"ती पट्टी तिथंच राहू दे," क्लेम म्हणाला.

माझा हात तसाच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या रात्रीपासून. झोपेत तू तिच्यावर हात ठेवून झोपतेस."

"मग मागितली का नाहीस?"

"रोज मागणार होतो." त्याने श्वास आत ओढला आणि थोडा थोडा सोडला. "रोज रात्री. तू शेजारी, आणि ती तुझ्या स्वेटरात. घरी नव्हतं एवढं कठीण इथं होतं, व्हर्ना."

मला रडू फुटलं. रडायलाही बंदी होती, अंग हललं असतं. मी तोंडात गवत धरलं.

"आता घे," मी म्हणाले. "आत्या काय म्हणायचं ते म्हणू दे. जीव वाचेल."

"घेतली तर हात आंधळा होईल. तो कधी निघतो, कुठून सरकतो, मला कळलं पाहिजे. अजून कळतंय. गार लागतंय सगळं, अगदी नीट लागतंय."

"थरथरतोयस तू."

"हो ना." थोडं थांबून तो म्हणाला, "पाठीवर हात ठेव. जिथं दुखतं तिथं. दाब जोरात."

ती जागा मला ठाऊक होती. वर्षानुवर्षं मी तिथे हात लावला नव्हता. सुरुवातीला तो कळवळायचा म्हणून, नंतर सवय मोडली म्हणून. मी शर्ट वर केला. ऑपरेशनचा व्रण गार पडला होता. त्याच्यावर तळवा ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. आतला स्नायू माझ्या हाताखाली उडत होता. मी दाबत राहिले. सूर्य पाण्याला टेकला. खाली समुद्रावर पक्ष्यांचा काळा थर जमायला लागला होता, अंधाराची वाट बघत. माझ्या तळव्याखाली ते उडणं हळूहळू कमी झालं, पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं.

"अजून आहे?"

"आहे."

पहिला पक्षी आमच्या डोक्यावरून सूं करत गेला. मग दुसरा. एक खालच्या उतारावर धपकन पडला आणि गवतातून धावला. ज्या बिळात क्लेमचा हात होता त्याचेही मालक येणारच होते. एक जरी आत शिरला असता तर साप खवळला असता. मी दुसरा हात लांब करून माझं जाकीट बिळाच्या तोंडावर, क्लेमच्या खांद्याभोवती अंथरलं आणि त्याच्यावर स्वतः पडले. एक हात त्याच्या पाठीवर तसाच. पक्षी आता सगळीकडे उतरत होते. एक माझ्या मांडीवर आदळला, एक कानाजवळ. एक जाकिटापाशी येऊन उभा राहिला आणि चोचीने कापड ओढायला लागला. त्याचंच घर होतं ते.

"जा रे बाबा," मी त्याला म्हणाले. "थोड्या वेळानं ये. पाया पडते तुझ्या."

"सरकतोय," क्लेम म्हणाला.

मी जाकीट आणखी घट्ट दाबून धरलं.

"मनगट सोडलं... तळव्यावर आहे... बोटं." एक पक्षी माझ्या पाठीवरून धावत गेला. "गेलं गार. आत गेला."

त्याने हात बाहेर काढला, अगदी हळू. कोपर, मनगट, बोटं. मातीने आणि तेलाने बरबटलेली, सगळी जागेवर, कुठे टोचल्याची खूण नाही. तो उताणा पडला आणि आता मात्र त्याचं अंग लाकडाच्या गाडीसारखं खडखडायला लागलं. मी त्याला धरून ठेवलं. पक्षी आमच्या अंगावरून धावत आपापल्या पिलांकडे गेले.

उठल्यावर त्याने आधी एक फांदी मोडून बिळाच्या तोंडाशी रोवली, म्हणजे उद्या कुणी तिथे हात घालणार नाही. मग गवताचा झुबका धरून हात पुसायला लागला.

"आता पुसतोस होय?" मी म्हणाले.

"सवय लागू दे," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

शेडमध्ये शिरलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते. ट्रेव कंदील घेऊन आम्हाला शोधायलाच निघाला होता. क्लेमने सांगितलं, थोडक्यात. आत्याने त्याचा हात दिव्याखाली धरून बोट न् बोट तपासलं आणि त्याच्यापुढे ताटली सारली.

मी बसले नाही. वाटभर मला एकच दिसत होतं. हा माणूस रोज रात्री अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेला, आणि त्याच्या हाताच्या अंतरावर ती पट्टी, मी आणलेली. मी त्याला वाचवायला नव्हते आले. मी त्याच्यावर पहारा करायला आले होते, आणि शत्रूला पोटाशी घेऊन. मी पिन काढली आणि पट्टी ताटल्यांच्या मधे ठेवली.

"माझी आहे ती," क्लेम पटकन म्हणाला.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मी गप्प राहिले असते तर सगळ्यांनी मानलंही असतं. तो पुढच्या बोटीने गेला असता, परत त्या पडद्याआडच्या खोलीत, आणि ह्या बेटावर त्याला कुणी पुन्हा बोलावलं नसतं. हे सगळं त्याला कळत होतं, तरी म्हणाला.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "नीट बघा, आत्या. एकही फोडलेली नाही."

"खरंय," ट्रेव म्हणाला. "याच्याकडे बिस्किटाचा पुडा अख्खा राहत नाही, गोळ्यांची पट्टी कुठून राहायला!"

कुणी हसलं नाही. आत्याने पट्टी उचलली.

"का आणलीस गं?"

"तो मरेल याची भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आताही वाटते."

आत्याने चुलीचं दार उघडलं, पट्टी आत टाकली आणि दार लावलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "शुक्रवारची बोट, व्हर्ना."

"आत्या!" क्लेम उठलाच. "मग मीही जातो."

"तुला कुणी धाडलेलं नाही."

"ती जाणार आणि मी—"

"तू इथं राहणार," मी म्हणाले. "हंगाम संपेपर्यंत. जेव, गार होतंय."

तो उभाच राहिला. मग बसला. चमचा उचलला. चमचा ताटलीवर वाजला आणि या वेळी मोठ्याने बोलायला कुणीच सुरुवात केली नाही. सगळ्यांनी तो वाजू दिला.

शुक्रवारी सकाळी आत्याने मिठातल्या पक्ष्यांचं पुडकं माझ्या हातात दिलं. "पुढच्या हंगामाला ये. आधी तुझे खिसे बघेन." आणि मला जवळ घेतलं. तिच्या केसांनाही तेलाचा वास होता.

क्लेमने माझी बॅग डोक्यावर धरून पाण्यातून आणली आणि होडीत ठेवली. काठ धरून उभा राहिला, कमरेपर्यंत पाण्यात.

"पाठ?" मी विचारलं.

"दुखतेय," तो म्हणाला. आज वारा आहे म्हणावं, तसं.

मुलीला फोन कर म्हणाला, तिला सगळं सांग म्हणाला. मग त्याने होडी ढकलली.

खाडीतून बाहेर पडलं की समोरच्या बेटावरच्या टॉवरची रेंज लागते. माझा फोन पिशवीत थरथरायला लागला. मी काढला आणि सवयीने, विचारही न करता, क्लेमला लिहिलं: "हात पुसून घे, प्रत्येक वेळी." पाठवलं.

माझ्या पायाशी, बॅगेत, टिंग वाजलं.

मी बॅग उघडली. माझ्या कपड्यांवर, त्याच्या चुरगळलेल्या रुमालात गुंडाळून त्याने आपला फोन ठेवला होता. काचेवर माझा मेसेज उजळला होता आणि कडेला तेलाचे ठसे होते. माझा हात आपोआप छातीकडे गेला. तिथे नुसती पिन होती.

मी मागे वळून पाहिलं. पश्चिमेच्या उतारावर तो चढला होता, खांद्यावर रिकामी काठी, मागून ट्रेव लंगडत. क्लेम थांबला, गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ गवताशी हात करत राहिला. मग पालथा पडला आणि गवतात दिसेनासा झाला.

"मॉरी, जरा हळू घे," मी होडीवाल्याला म्हणाले.

त्याने घेतली. मी त्या जागेवरून नजर हलवली नाही. गवत वाऱ्याने वाकत होतं, उठत होतं. क्लेम अजून उठायचा होता, आणि होडी टोकाला वळसा घालून पलीकडे गेली.